पान बावीस, डावीकडे

६ फेब्रुवारी

ती. काका यांस,
खारीचा शि. सा. नमस्कार.

पत्राला उशीर झाला, रागावू नका. बाबांना दवाखान्यातून घरी आणलं. उजवा हात आणि उजवा पाय अजून साथ देत नाहीत. समोरच्या खोलीतली मोठी खुर्ची खिडकीशी ओढून आम्ही त्यांना तिथे बसवतो. बोलण्याचं मात्र अवघड झालंय. सगळे शब्द गेले आणि एकच उरला, तो म्हणजे 'नाही'. चहा हवा का विचारलं की नाही म्हणतात आणि कप पुढे ओढतात. पंखा लावू का म्हटलं तरी नाही, आणि लावला नाही तर रागावतात. डॉक्टर म्हणाले की असं होतं, एखादा शब्द अडकून बसतो, त्याचा अर्थ धरू नका. आई म्हणाली की लग्नाला इतकी वर्षं झाली, तिला तरी यात नवीन काही दिसत नाही. आम्ही हसलो, बाबाही हसले, आणि मग मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. आजारी पडण्याआधी बाबांनी एक चित्रकथा लिहून पुरी केली होती. तुमच्या दोघांच्या कथा छापणारं ते साप्ताहिक बंद पडल्यानंतर त्यांनी लिहिलेली ही पहिलीच. आम्हाला कुणाला पत्ता नव्हता. प्रकाशकबाईंनी ती वाचून लगेच घेतली आणि चित्रं मी काढावीत असं ठरलं. बाबांनी लिहिलेल्या आणि तुम्ही चित्रं काढलेल्या त्या कथा बघत मी मोठी झाले, तेव्हा या कागदांना हात लावायला मी किती घाबरले असेन ते तुम्हीच समजा.

गोष्ट साधी आहे. नदीवर एक उचलता पूल आहे. जहाज आलं की पूलवाला दांडा ओढून पूल वर घेतो आणि जहाज पार होईपर्यंत दांडा धरून उभा राहतो. सोडला तर पूल जहाजावर कोसळेल. एके दिवशी असाच उभा असताना त्याला पलीकडच्या काठावरून आपला धाकटा भाऊ गाव सोडून चाललेला दिसतो. हाक पोचत नाही, दांडा सोडता येत नाही, आणि जहाज काही संपत नाही. संपतं तेव्हा काठावर कुणी नसतं.

एकवीस पानं बाबांनी अगदी चौकट न् चौकट लिहून ठेवलीत, ढग कुठे हवा तेसुद्धा. बाविसाव्या पानावर मात्र दोनच शब्द आहेत, 'पूर्ण पान'. पुढे काही नाही. तेविसाव्यावर थेट रिकामा काठ येतो. मी त्या पानभर जहाज काढलं, खालून बघितल्यासारखं, अगदी अंगावर येणारं. बाबांसमोर धरलं तर नाही म्हणाले. आता या नाहीचं मी काय करू?

डॉक्टरांनी आईला बाजूला घेऊन सांगितलंय की दुसरा झटका आला तर समजही जाऊ शकते. माझं मागणं फार मोठं नाही. बाबांना कळतंय तोवर ते पान त्यांच्या डोळ्यांसमोर यावं आणि त्यांच्या मनात होतं तेच असावं. ते काय होतं, हे तुमच्याशिवाय कोण सांगणार? काकूला नमस्कार. उत्तराची वाट बघते आहे, आणि लोभाची तर जन्मापासूनच बघते.

तुमची,
खार

१५ फेब्रुवारी

चि. खारूताईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पेन्सिलींची शेपटं कुरतडणारी आमची खार आता मोठी चित्रकार झाली, आणि मी इथे पाठीवर पडून छताचे पोपडे बघतोय. न्हाणीघरात पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. पायाला वजन टांगून ठेवलंय. तुझी काकू मला सकाळचं वर्तमानपत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचून दाखवते, आणि पळून जायची सोय नसल्यामुळे मी ऐकतो. दादाला झटका आल्याचं कळलं तेव्हा मी असाच पडलेला होतो. मोठा भाऊ तिकडे खुर्चीत आणि मी इकडे खाटेत, दोघांची जोडी पुन्हा जमली म्हणायची.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत नाही, कारण आमची रीतच तशी होती. पूर्ण पानात काय असावं ते दादा कधीही लिहून देत नसे. इथपर्यंत गोष्ट माझी, या पानावर तुझी, असं म्हणायचा. मी विचारून विचारून थकायचो. मग छापून आलेला ताजा अंक तो हातात घ्यायचा. चित्र आवडलं नसेल तर काही न बोलता पान उलटून पुढे जायचा. आवडलं असेल तर मधल्या घडीवर तळहात दाबून अंक सपाट करायचा आणि बघत बसायचा. शाबासकी म्हणायची तर ती एवढीच. अशा घड्या त्याने माझ्या उभ्या आयुष्यात मोजक्याच दाबल्या.

पण तुझं जहाज त्याने का नाकारलं ते मी सांगू शकतो. जहाज मुळातच मोठं असतं गं, त्याला मोठं पान कशाला? मीही सुरुवातीला हेच करायचो. एका कथेत मी पुराला पूर्ण पान दिलं, आगीला दिलं आणि शेवटी नायकाच्या घोड्यालाही दिलं. दादा म्हणाला की घरात दर तासाला कुणी ओरडत असेल तर खरंच आग लागते तेव्हा शेजारीसुद्धा येत नाहीत. पूर्ण पान ओरडायला नसतं. एरवी चौकटी वाचकाला पुढे काय, पुढे काय असं पळवतात. जिथे गोष्टीतल्या कुणालाच काही करता येण्यासारखं उरत नाही, तिथे चौकटी काढून टाकायच्या. मग वाचकालाही हात टेकून उभं राहावं लागतं.

आणि ते पान डावीकडेच हवं, हे विसरू नकोस. उजवं पान वाचून झालं, उलटलं, की ते अचानक समोर आलं पाहिजे. उजवीकडे आलं तर डावीकडचं वाचतानाच ते डोळ्याच्या कोपऱ्यात दिसतं आणि सगळी मेहनत पाण्यात जाते. आधीच्या पानावर चौकटी बारीक आणि पुष्कळ कर. त्या जाणाऱ्या भावाला डावीकडून उजवीकडे चालव. लांब जातोय म्हणून लहान करू नकोस, मापाने तेवढाच ठेव, फक्त प्रत्येक चौकटीत कडेकडे सरकव, आणि शेवटच्या चौकटीत कागदाच्या कडेने त्याला अर्धा कापू दे. उरलेला अर्धा कुठे गेला हे बघायला वाचकाचं बोट आपोआप पान उलटतं.

एकविसावं पान दादाने कसं लिहिलंय ते उतरवून पाठव. वहिनींना नमस्कार, दादाच्या पायांना माझा हात लाव. आशीर्वाद भरपूर आहेत, खाटेवर पडल्या पडल्या त्यांची निर्मिती वाढली आहे.

तुझा,
काका

२७ फेब्रुवारी

ती. काका यांस,
शि. सा. नमस्कार.

तुमच्या पायाचं ऐकून आई म्हणाली की भाऊजींना लहानपणापासून सरळ चालायची सवय नाही. मनावर घेऊ नका, ती काळजीत असली की असंच बोलते.

जहाज फाडून टाकलं. मग उभा राहिलेला पूल काढला, दोन्ही बाजू आकाशात आणि मधे रिकामी जागा. मला बरा वाटला होता. बाबांच्या मांडीवर ठेवला तर त्यांनी डाव्या हाताने कागद उपडा केला. वर नाही म्हणालेच. पण त्याच सकाळी दाढी करू का विचारल्यावरही नाही म्हणाले होते आणि गाल पुढे केला होता. त्यांच्या डोळ्यांकडे बघून मला वाटतं की आत सगळं जसंच्या तसं आहे आणि फक्त दार बंद झालंय. मी बाहेरून धडका मारतेय. एकदा तर चिडून मी त्यांच्यावर ओरडलेसुद्धा, की निदान बोटाने तरी दाखवा. ते बोट उचलून माझ्याकडे बघत राहिले. नंतर मीच त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकून बसले.

एकविसावं पान तुम्ही सांगितलंत तसंच काढलं. चौकटी नऊ, भाऊ तेवढ्याच मापाचा, शेवटी कडेने अर्धा कापलेला. बाबांचं लिखाण उतरवून देते: "काठावरून धाकटा चालला आहे. डाव्या काखेत लाकडी पाट, निळ्या चौकड्यांच्या चादरीत गुंडाळलेला, सुतळीने बांधलेला. सुतळी एका बाजूने सुटत आली आहे. उजव्या हातात पिशवी. तो एकदाही मागे बघत नाही. मान मात्र ताठ आहे, म्हणजे बघायचं नाही असं त्याने ठरवलं आहे."

एवढं बारीक लिहिणारा माणूस पुढच्याच पानावर दोन शब्दांत आटोपतो. आणि पाट कशाला? गाव सोडताना कुणी पाट घेऊन जातं का? काही सुचत असेल तर लवकर कळवा. इथे माझी पेन्सिल चालत नाही, पण तुमच्यावरचा विश्वास चालू आहे.

तुमची,
खार

१४ मार्च

चि. खारीस,
आशीर्वाद.

उत्तर लिहायला मला वेळ लागला. दोनदा बसलो, म्हणजे काकूने उशा लावून बसवलं, आणि दोनदा कागद परत दिला.

तो पाट माझा आहे, चित्र काढायचा. निळ्या चौकड्यांची चादर तुझ्या आईने मला गुंडाळायला दिली होती. तू तेव्हा पाळण्यात होतीस. साप्ताहिक बंद होणार हे कळल्यावर मी इथल्या कारखान्यात डब्यांवरची लेबलं काढायची नोकरी धरली. दादाचं म्हणणं होतं की थोडं थांब, आपण दोघं मिळून आपलं पुस्तक काढू. मी निघालो त्या सकाळी छापखान्यात शेवटचा अंक छापला जात होता आणि मशीनवर दादा होता. दिवसा मशीनवर कागद लावायचा, संध्याकाळी गोष्टी लिहायचा, असंच त्याचं आयुष्य होतं. मी छापखान्याच्या बाजूच्या रस्त्याने बसकडे गेलो. तो दारापर्यंत तरी येईल असं मला वाटलं होतं. वळून बघितलं आणि दार रिकामं असलं तर काय करायचं, म्हणून मी वळलोच नाही. सुतळी सुटत आली होती, हे मला बसमधे बसल्यावर कळलं.

त्यानंतर आम्ही किती वेळा भेटलो, किती पत्रं लिहिली. त्या सकाळचं नाव दोघांनी कधी काढलं नाही. तो रागावून आत बसला, असंच मी आजपर्यंत धरून चाललो. बाहेर आला नाही, मग त्याला सुतळी कुठून दिसली?

त्या छापखान्याला रस्त्याच्या बाजूने खिडकी होती का? मी तिथे वर्षानुवर्षं काम केलं आणि मला आठवत नाही. दादाला विचार असं लिहिणार होतो. पण विचारून काय मिळणार, तो नाही म्हणेल. म्हणून तूच जाऊन बघ. त्या पानात काय हवं ते आता मला वाटतं कळलंय, पण आधी तू बघून ये.

तुझा,
काका

२३ मार्च

ती. काका यांस,
शि. सा. नमस्कार.

जाऊन आले. छापखान्याच्या जागी आता फर्निचरचं गोदाम आहे. मालक भला माणूस निघाला, त्याने दोन कपाटं हलवून मला जागा करून दिली. मशीन गेलं, पण जमिनीत त्याचे बोल्ट तसेच आहेत आणि कागद लावणाऱ्याने उभं राहायची लाकडी फळीही आहे. मी त्या फळीवर उभी राहिले. समोर भिंत. डाव्या खांद्याशी एक अरुंद खिडकी आहे, वर काजळी आणि खाली काच. मान डावीकडे वळवली की अख्खा रस्ता दिसतो, बसच्या थांब्यापर्यंत. तुम्ही तिथे काम करायचात तेव्हा कोपऱ्यातल्या टेबलाशी बसायचात ना? तिथून मधल्या खांबामुळे ही खिडकी दिसत नाही.

मालकाचे वडील तिथे होते, त्यांना त्या मशीनची माहिती होती. ते म्हणाले की कागद हाताने लावायचं मशीन एकदा फिरायला लागलं की माणसाला तिथून हलता येत नसे. हात बाजूला झाला तर कागद आत गुंडाळला जाई आणि सगळा छाप बिघडे. शेवटच्या अंकाला दुसरा कागदही नसेल बहुतेक. मी तिथे बराच वेळ उभी होते. बाबांनी इतकी वर्षं हे आतल्या आत ठेवलं आणि सांगायला घेतलं तेव्हा वाचाच गेली, याला काय म्हणायचं?

घरी येऊन एका बैठकीत पान काढलं. पूलवाला जवळून, पुलावरच्या त्याच्या खोलीत, काचेच्या आत. दोन्ही हात दांड्यावर, अंग समोर आणि मान डावीकडे वळलेली. काचेवरून जहाजाची नुसती सावली सरकते आहे. काठ नाही, भाऊ नाही, एकही अक्षर नाही. तोंड कसं काढावं ते कळेना तेव्हा बाबांकडे बघूनच काढलं.

काल त्यांच्या मांडीवर ठेवलं. उपडं केलं नाही. खूप वेळ बघितलं आणि डोळे मिटून घेतले. मी विचारलं, तो जाणारा म्हणजे काका ना? नाही म्हणाले. हे असंच हवं होतं ना? नाही. मी तळहाताकडे टक लावून होते, पण सुटा कागद तो, दाबायला त्याला घडीच नव्हती. बाबांना पटलं की ते नुसते दमले, मला कधीच कळणार नाही. प्रकाशकबाईंनी दिलेली तारीख जवळ आली, पुढच्या महिन्यात छपाईला द्यायचं आहे. तुम्ही इथे हवे होतात. मायेत कमी पडत नाही तुम्ही, फक्त लांब पडता.

तुमची,
खार

३१ मार्च

चि. खारीस,
आशीर्वाद.

पान तेच आहे. मी काढलं असतं तर हात दांड्यावर इतके घट्ट जमले नसते.

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले की हाड जुळलेलं नाही, प्रवासाचं नावही काढू नका. गाडीत आडवा टाकून न्या म्हटलं, तर काकूकडे बघून हसले. दादासाठी वेगळं पत्र लिहायला घेतलं. दादा, मला माहीत नव्हतं, एवढं लिहिलं आणि पुढे काय लिहावं ते सुचेना. माहीत असतं तर मी काय केलं असतं? बस सोडली असती? तेही खात्रीने सांगता येत नाही. फाडून टाकलं. तू त्याच्याजवळ बसतेस तेव्हा माझ्या वाटचीही बस.

पुस्तकात माझं नाव कुठेही घालू नकोस. हे आर्जव नाही, थोरल्या माणसाची आज्ञा आहे. सुखी राहा, आणि पेन्सिली खाऊ नकोस.

तुझा,
काका

१९ मे

ती. काका यांस,
नमस्कार.

पुस्तक आलं आणि मी त्याची माती केली. तुम्हाला एक प्रत वेगळी पाठवली आहे, पण बघू नका असंच म्हणावंसं वाटतं.

तुमची आज्ञा मी मोडली. छपाईला द्यायच्या आदल्या दिवशी मला वाटलं की सुरुवातीला एक पान असावं आणि त्यावर फक्त 'दोघा भावांना' एवढं असावं. नाव नाही, म्हणजे आज्ञाही पाळली, असं स्वतःला समजावलं. शेवटचं पान कोरं होतं, ते काढलं आणि हे पुढे घातलं. पानं बत्तीसची बत्तीसच राहिली, म्हणून कुणालाच काही वाटलं नाही, मलाही नाही. पण पुढे एक पान शिरलं की मागची सगळी एकेक घर सरकणार, हे शाळेतल्या पोरालाही कळलं असतं. एकविसावं पान डावीकडे गेलं आणि बाविसावं आलं उजवीकडे. दोन्ही समोरासमोर. उलटायला मधे काही राहिलंच नाही. तुम्ही मला बजावून सांगितलेली एकच गोष्ट, आणि मी ती तुमच्याच प्रेमापोटी घालवली.

सगळ्या प्रती बांधून झाल्यात. प्रकाशकबाई म्हणाल्या की आता काही करता येणार नाही, वाचकाला कळणारही नाही. त्यांना नाही कळणार, बाबांना कळेल. गेल्या आठवड्यात त्यांना पुन्हा थोडा त्रास झाला. हल्ली आईकडेसुद्धा कधी कधी अनोळखी माणसाकडे बघावं तसं बघतात. थोडीशी समज उरली आहे आणि तिच्यापुढे मी हे ठेवू? पुस्तक कपाटात टाकून दिलंय. मला क्षमा करा, किंवा नका करू.

खार

२६ मे

प्रिय भाऊजी,
स. न. वि. वि.

मी काही तुमच्यासारखी लिहिणारी नाही, पण लेकीने अन्न सोडल्यासारखं केलंय म्हणून लिहिते. डावं पान, उजवं पान हे मला काही समजत नाही. नवऱ्याने लिहिलं, मुलीने चित्रं काढली आणि पुस्तक कपाटात कोंडून ठेवायचं हे मला पटेना. काल ती भाजी आणायला गेल्यावर मी ते काढून यांच्या मांडीवर ठेवलं.

हे एका हाताने एकेक पान उलटत गेले. मी शेजारीच शेंगा सोलत होते. मधेच पानांचा आवाज थांबला म्हणून बघितलं. पुस्तक उघडं, आणि यांचा डावा हात मधल्या शिवणीवर. तळहाताने दाबत होते, वरपासून खालपर्यंत, परत परत, ते सपाट होईपर्यंत. पुढे गेलेच नाहीत. जेवणाची वेळ झाली म्हणून मी पुस्तक उचलायला गेले तर माझं मनगट धरलं आणि नाही म्हणाले. भाऊजी, रोज शंभरदा ऐकते मी ते नाही. हे तसं नव्हतं, हे खरंखुरं नाही होतं.

तेवढ्यात खार आली. तिला वाटलं, ते पान खराब झालं म्हणून नाही म्हणताहेत. हातातली पिशवी टाकून आत पळाली. डॉक्टर म्हणतात की हे असे एका जागी अडकतात, पुढे सरकायचं सुचत नाही त्यांना. असेलही. तेच पान काल दिवसभर होतं, आज सकाळीही तेच आहे. पण यांचं तोंड अडकलेल्या माणसाचं नाही, एवढं मला कळतं.

डावीकडच्या चित्रात माझी चादर आहे. ती तुम्ही परत दिली नाहीत. पोरीला चार ओळी लिहा, तुमचं ऐकते ती. सौ. जाऊबाईंना सांगा की आठवण येते.

आपली,
वहिनी

२ जून

चि. खारूताईस,
तुझ्या काकाचे सगळेच्या सगळे आशीर्वाद.

पुस्तक आणि वहिनींचं पत्र एकाच दिवशी आलं. मी आधी पुस्तक उघडलं. चूक दिसणार हे ठाऊक होतं, त्यामुळे भुवया वर करूनच पानं उलटत होतो. आता काय दिसलं ते नीट वाच आणि मग पुस्तक घेऊन पडताळून बघ.

त्या जाणाऱ्याला उजवीकडे चालव असं मीच सांगितलं होतं, कारण उजवीकडे कागदाची कड होती आणि तिच्यापलीकडे काही नव्हतं. आता तिथे कड नाही, घडी आहे. आणि घडीच्या पलीकडे तुझा पूलवाला, मान डावीकडे वळवून उभा. चौकटीमागून चौकट सरकत धाकटा त्याच्याच दिशेने येतो आहे. शेवटच्या चौकटीत अर्धा कापलेला माणूस गेलेला वाटतच नाही. उंबऱ्यात एक पाय ठेवल्यासारखा दिसतो. मी लांब जातो म्हणून लहान होत नाही, तेवढाच राहतो, आणि दादा माझ्याकडे बघतो आहे. डावं पान वाचताना तो मला डोळ्याच्या कोपऱ्यात सारखा दिसतो. या असल्या दिसण्यालाच मी उभ्या आयुष्यात चूक म्हणत आलो. त्या रस्त्यावर तो असाच माझ्या डोळ्याच्या कोपऱ्याशी उभा होता आणि मी मान ताठ ठेवून चाललो.

दादा अडकलेला नाही. त्याने घडी दाबली आहे. मी काय लिहिलं होतं ते आठव. वहिनींनी तुला हाताचं सांगितलं नसेल तर त्यांना विचार. ते नाही तुझ्या चित्राला नव्हतं, पान उलटणाऱ्याला होतं. तुला जे हवं होतं ते मिळालं बाळ, त्याला कळतंय तोवर मिळालं. आता डोळे पूस आणि जेव.

उद्या त्याची समज राहील की नाही, मला माहीत नाही. माझं हाड कधी जुळेल ते डॉक्टरलाही माहीत नाही, आणि जुळेपर्यंत तो असेल का, हा विचार मी दिवसातून पुष्कळदा करतो आणि पुष्कळदा टाकून देतो. मला येता येत नाही आणि त्याला बोलावता येत नाही. यावर तू, मी, वहिनी, कुणीही काही करू शकत नाही. दुसरी आवृत्ती निघाली तर ती चूक दुरुस्त करायची नाही, एवढं मात्र करता येईल. ही आज्ञा मोडू नकोस.

वहिनींना सांग, चादर अजून आहे, माझ्या उशीखालीच आहे. दादाला काही वाचून दाखवू नकोस. फक्त त्याच्या शेजारी बसून एवढं सांग, की माझंही पुस्तक इथे पोटावर त्याच पानाशी उघडं आहे. सकाळपासून काकू दोनदा ते मिटायला आली, आणि दोन्ही वेळा मी तिचं मनगट धरून नाही म्हणालो.

तुझा, आणि त्याचाही,
धाकटा